जुन्या सेडानचे इंजिन पुन्हा पुन्हा गरम होते : आधी पाणी कुठे जाते ते शोधा

वापरलेली पेट्रोल सेडान घेतल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या दुरुस्त्या हटकून निघतात, त्यांतल्या बहुतेक एकदा पैसे मोजले की संपतात. लिंक रॉड खडखडत असेल तर तो बदलला की आवाज थांबतो. क्लच घसरत असेल तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसवली की पुढची काही वर्षे तिकडे पाहावे लागत नाही. इंजिन गरम होण्याच्या तक्रारीचे मात्र तसे नाही. एखादा पार्ट बदलावा, पंधरा दिवस गाडी व्यवस्थित चालावी आणि सोळाव्या दिवशी घाटात तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकावा, असे या दुखण्याचे चक्र असते. माझ्या गाडीत ते चौदा महिने चालले. त्या काळात काय चुकले, शेवटी दोष कसा सापडला आणि खर्च किती आला, हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण याच अडचणीत असलेल्या मालकाची त्यातून निदान दोन-तीन अनावश्यक बिले तरी वाचतील.

गाडी २०१२ सालची, १.५ लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची. मी ती २०२० मध्ये घेतली तेव्हा ८२,००० किलोमीटर झाले होते. नोकरी पुण्यात आणि घर कऱ्हाडला असल्यामुळे महिन्यातून दोनदा सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास ठरलेला असे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावा लागे, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच सुरू होत असे. येताना बोगद्यातून यायचे असल्यामुळे तो चढ लागत नसे, म्हणून परतीच्या प्रवासात गाडी निर्दोष वाटे. या एका गोष्टीने माझी फार दिशाभूल केली. जाताना माल भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून चढत असताना काटा वर जाई. एसी बंद केला की तो थोडा खाली येई. आणि घाट संपून सुरूर ओलांडेपर्यंत तो पुन्हा मध्यावर स्थिरावलेला असे.

पहिल्या गॅरेजमध्ये रेडिएटरचे झाकण बदलले आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे मिश्रण, भरले. दुसऱ्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढूनच टाकला. आपल्याकडच्या हवामानात त्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी रेडिएटरचा पंखा 'डायरेक्ट' करून दिला, म्हणजे चावी फिरवली की पंखा अखंड फिरत राहील अशी वायर जोडली. चौथ्या ठिकाणी रेडिएटर आतून चोक झाला आहे, असे निदान करून नवा रेडिएटर बसवला. प्रत्येक वेळी काही दिवस बरे गेले, आणि प्रत्येक वेळी त्या बरे जाण्याचे खरे कारण एकच होते: काम करताना कूलंट पूर्ण भरले गेले होते. हे मला तेव्हा कळले नाही. दर पंधरा दिवसांनी मी स्वतः रेडिएटरच्या बाजूच्या कूलंटच्या बाटलीत साधारण अर्धा लिटर पाणी ओतत होतो आणि जुनी गाडी आहे, थोडे पाणी पिणारच, अशी स्वतःची समजूत घालत होतो.

शेवटी कऱ्हाडजवळच्या एका लहान गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "साहेब, काटा वर जातोय ते झालं. पण दर पंधरा दिवसाला तुम्ही अर्धा लिटर ओतताय, ते जातंय कुठं?"

या प्रश्नाशिवाय या तक्रारीचे निदान होऊच शकत नाही, असे आता माझे ठाम मत आहे. इंजिनातली कूलिंग यंत्रणा बंदिस्त असते. या आकाराच्या पेट्रोल इंजिनात साधारण पाच ते सहा लिटर मिश्रण फिरत असते आणि सुस्थितीतल्या गाडीत ते महिनोन्‌महिने जवळजवळ कमी होत नाही. ते कमी होत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे, किंवा इंजिनाच्या आत शिरत आहे. तिसरी शक्यता नसते.

पाणी कमी होणे आणि काटा चढणे यांचा संबंध बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा अधिक खोल आहे. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळते. निम्मे इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) आणि निम्मे पाणी असे मिश्रण त्याच्यापेक्षा सात-आठ अंश वर उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने हे मिश्रण १.१ बार दाबाखाली कोंडून धरले की त्याचा उत्कलनबिंदू १३० अंशांच्या आसपास पोहोचतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलेला असतो, तो या दाबाचा. आता यंत्रणेला कुठे बारीक गळती असेल, तर नुसते पाणीच जात नाही, दाबही टिकत नाही. दाब टिकला नाही की सिलिंडर हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे जळके वायू बाहेर पडतात त्या एक्झॉस्ट पोर्टच्या भोवती, मिश्रण लवकर उकळून वाफ तयार होते, ती वाफ आणखी पाणी बाहेर ढकलते, आणि जिथे वाफ असते तिथे धातूची उष्णता वाहून न्यायला द्रवच उरत नाही. घाटात इंजिनावर ताण जास्त, गाडीचा वेग कमी, समोरून येणारा वारा कमी आणि रेडिएटरच्या पुढे बसलेल्या एसीच्या कंडेन्सरची उष्णता वेगळी. त्यामुळे सपाटीवर लपून राहिलेली गळती तिथे उघडी पडते.

काटा केव्हा चढतो, ते आधी लिहून काढा

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आठ-दहा दिवस नोंद ठेवली, तर निम्मे निदान घरीच होते. गाडी सिग्नलला किंवा कोंडीत उभी असताना काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा होताच उतरत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला हवा. एसी लावल्यावर फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन पूर्ण तापले तरी फिरत नाही, असे असेल तर मोटर ठीक आहे. दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये, रिलेमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगासाठी रेझिस्टर असतो. तो जळाला की पंखा हळू फिरण्याचे सोडून देतो आणि तापमान बरेच वर गेल्यावर एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो. तेव्हा काही जण पूर्ण पंखाच बदलायला सांगतात. आधी रेझिस्टर पाहावा.

याउलट सिग्नलला काही त्रास नाही, पण महामार्गावर किंवा चढावर काटा चढतो, तर पंखा निर्दोष धरून चालावे. तिथे रेडिएटर आतून चोक होणे, बाहेरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकणे, पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाचा पंखा झिजणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे किंवा मुळात कूलंट कमी असणे, ही कारणे संभवतात. उसाच्या हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यांवरचे पाचटाचे बारीक तुकडे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात आणि वरून पाहिल्यास दिसत नाहीत. तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, जाळीची पाती वाकतात. नळाच्या साध्या धारेने इंजिनाच्या बाजूकडून पुढे असे धुवावे.

काटा एकदम वर जातो आणि एकदम खाली येतो, असे होत असेल तर यंत्रणेत हवा शिरलेली असण्याची शक्यता अधिक असते. इथे एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. पाणी फारच कमी झाले की तापमानाचा सेन्सर पाण्यात न राहता हवेत उघडा पडतो आणि तो चुकीचे, कमी तापमान दाखवू शकतो. चढता काटा अचानक झपकन खाली आला, तर इंजिन थंड झाले असे समजू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

काट्यावर फार विसंबूनही चालत नाही. अनेक गाड्यांत काटा ७५ ते १०५ अंशांच्या मधल्या सगळ्या तापमानांना मध्यावरच उभा राहील अशी रचना केलेली असते, आणि नंतरच्या काही मॉडेलांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. २०१० नंतरच्या बहुतेक पेट्रोल सेडानमध्ये स्टिअरिंगखाली गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मी ७०० रुपयांना घेतला आणि मोबाइलवर कूलंटचे नेमके तापमान पाहू लागलो. थर्मोस्टॅट काढलेला असताना माझे इंजिन सपाट महामार्गावर ७० अंशांच्या वर जायला तयार नव्हते आणि खंबाटकीच्या चढावर १०९ पर्यंत पोहोचत होते, हे मला त्या आकड्यांमुळे कळले. नुसत्या काट्यावरून एवढा फरक कळत नव्हता.

पाणी खरोखर किती जाते, हे मोजण्याची पद्धत

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, बाजूच्या बाटलीवर मार्करने पाण्याच्या पातळीची रेघ ओढावी आणि किलोमीटर लिहून ठेवावे. पण एवढ्यावर थांबू नये. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचे झाकण आणि शिवाय वेगळी बाटली असते, त्यांत बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असे होऊ शकते. इंजिन थंड होताना झाकणातला छोटा वॉल्व्ह बाटलीतले पाणी परत ओढून घेतो. तो वॉल्व्ह चिकटला किंवा बाटलीकडे जाणाऱ्या नळीला चीर गेली, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. म्हणून रेडिएटरचे झाकण उघडून पाणी थेट काठापर्यंत आहे का, ते पाहावे. हे काम फक्त थंड इंजिनावर करायचे. गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते पाणी दाबाने तोंडावर आणि हातांवर उडते. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताने सहज दाबता येत नाही आणि धरवत नाही, तोपर्यंत झाकणाला हात लावू नये.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. एसीचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि ते समोरच्या डाव्या सीटच्या पायांजवळच्या भागाखाली पडते. कूलंटचा डाग हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटांना बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा असतो. त्याची चव पाहू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोडीमुळे कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटतात, म्हणून ते लगेच पुसून जागा धुवावी. गाडीतच गोडसर वास येत असेल, काचांवर आतून चिकट वाफ धरत असेल किंवा डाव्या सीटखालचे कार्पेट ओले असेल, तर हीटर कोअर, म्हणजे गाडीतली हवा गरम करणारा हीटरचा भाग, गळत आहे.

माझ्या पुठ्ठ्यावर चार रात्री काहीच पडले नाही. म्हणूनच आधीच्या चारही ठिकाणी 'लीकेज नाही' असे सांगण्यात आले होते.

मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी त्यांनी प्रथम बाजूची बाटली काढून तळाशी बोट फिरवले आणि बोटावर आलेला पिवळा गाळ माझ्यापुढे धरला. तो मला आजवर गंज वाटत होता. त्यांनी तो दोन बोटांत चोळून वास घेतला आणि म्हणाले, "हळद आहे ही. आधीच्या मालकानं टाकलेली." रेडिएटरला बारीक छिद्र पडले की त्यात हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडचे जुने ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. हळदीची पूड पाण्यात फुगते आणि छिद्रात जाऊन बसते, त्यामुळे रस्त्यात अडकलेली गाडी घरापर्यंत येते, हे खरे. पण ती तशीच राहू दिली, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, हीटर कोअरमध्ये आणि थर्मोस्टॅटच्या बैठकीवर थर धरते. मला मात्र त्या गाळाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: ही गळती माझ्याकडे आल्यावर सुरू झाली नव्हती. गाडी विकली गेली तीच मुळी गळती झाकून.

त्यानंतर त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा लीक टेस्टर बसवला आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतका, म्हणजे १.१ बार दाब भरला. इंजिन थंड असणे इथे फार महत्त्वाचे आहे, कारण तापलेल्या इंजिनावर पडणारा थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच वाळून जातो. वीस मिनिटांत टेस्टरचा काटा ०.८ वर आला. वरून कुठेही ओल नव्हती. मग त्यांनी पुढचे उजवे चाक आणि आतले प्लास्टिकचे कव्हर काढले, आणि बॅटरीच्या उजेडात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा बेल्टच्या पुलीमागे धरला. लोणच्याच्या बरणीच्या काठावर मीठ फुलून येते, तसा पांढरट हिरवा थर वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला ओघळत आलेला होता, आणि त्याच्या वर, एका बारीक छिद्राच्या तोंडाशी, एक थेंब भरत होता. तो पडायला जवळपास पाऊण मिनिट लागले. चौदा महिने मी जे शोधत होतो ते हे.

वॉटर पंपाला ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचा पंखा पाण्यात आणि बेअरिंग कोरडे, अशी रचना असून दोहोंच्या मध्ये सील असते. सील झिजले की झिरपणारे पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. छिद्राशी अगदी पुसट डाग असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण थर साचला असेल किंवा थेंब भरत असेल, तर पंप संपला आहे. ते छिद्र एम-सील लावून बुजवल्याचे मी नंतर दुसऱ्या एका गाडीत पाहिले. असे कधीही करू देऊ नये. पाणी मग बेअरिंगमध्ये जाते, पंप जाम होतो, आणि ज्या इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर (वॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालतो त्यांत बेल्ट तुटून वॉल्व्ह वाकण्यापर्यंत नुकसान होऊ शकते.

टेस्टरचा काटा उतरतो, पण बाहेर कुठेच ओल सापडत नाही, अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा, विचार करावा, आणि तोही लगेच इंजिन उघडण्यासाठी नव्हे. थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, उघड्या झाकणातून सतत बुडबुडे येत असतील, इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघत असेल, ऑइलच्या कांडीवर दुधाळ फेस दिसत असेल, किंवा चारपैकी एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघत असेल, तर संशय पक्का होत जातो. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करून घ्यावी. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा एका निळ्या द्रवातून ओढतात; पेट्रोल इंजिनाचा जळका वायू कूलंटमध्ये मिसळत असेल, तर द्रव पिवळा पडतो. पाचशे-सातशे रुपयांची ही तपासणी वीस-पंचवीस हजारांचे काम खरोखर लागणार आहे की नाही, ते सांगते. हेड उतरवायचेच झाले, तर ते लेथवाल्याकडे नेऊन सपाटी मोजून घ्यावी, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, असे अनेक इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. नुसते गॅस्केट बदलून वाकलेले हेड तसेच बसवले, तर सहा महिन्यांत तेच काम पुन्हा निघते. ताणले जाणारे हेड बोल्ट असतील, तर तेही नवेच वापरावेत आणि टॉर्क रेंचनेच आवळून घ्यावेत.

आधीच्या 'उपायां'ची दुरुस्ती

पंप बदलल्यावर माझ्या गाडीत आणखी दोन कामे उरली होती, आणि ती दोन्ही दुरुस्तीच्या नावाखाली झालेल्या बिघाडाची होती. थर्मोस्टॅट इंजिनाला केवळ थंड देशांत लागतो, हा समज चुकीचा आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा वॉल्व्ह इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणतो आणि तिथे धरून ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज पडते, प्लग काळे होतात आणि सिलिंडर लवकर झिजतात. माझी गाडी त्या काळात लिटरला १५ ऐवजी १२ किलोमीटर देत होती. पंखा डायरेक्ट करण्याचेही तसेच. सतत फिरणाऱ्या मोटरचे ब्रश लवकर झिजतात, अल्टरनेटरवर विनाकारण भार पडतो, आणि रिलेशिवाय ओढलेली वायर गरम होऊन वितळण्याचा धोका राहतो. मी नवा थर्मोस्टॅट बसवला आणि पंखा पुन्हा मूळ सेन्सर व रिलेवर घेतला.

कूलंट भरताना बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. तयार मिश्रण मिळते ते तसेच ओतावे. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे करावे. रंगावरून कूलंटची जात ओळखता येत नाही, कारण रंगाचा सर्वमान्य नियम नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार डब्यावर वाचून घ्यावा आणि दोन जाती एकत्र करू नयेत. जुने कूलंट काढल्यावर यंत्रणा साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवावी. माझ्या गाडीतून पाचव्या वेळेला पाणी स्वच्छ निघाले. तोपर्यंत दर वेळी पिवळेच येत होते.

हवा काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित काम आहे. गाडीचे नाक थोडे चढावर ठेवून, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करून, झाकण उघडे असतानाच थंड इंजिन चालू करावे आणि पातळी उतरेल तसे मिश्रण भरत राहावे. पाणी उसळू लागले तर झाकण लावून घ्यावे. वरचा होज मधूनमधून दाबला की अडकलेले बुडबुडे सुटतात. पंखा आपोआप दोनदा चालू होऊन बंद झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरले. इंजिनावर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तोही वापरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली दिसते, ती भरावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ती उतरत असेल, तर गळती बाकी आहे.

खर्च

पुणे आणि कऱ्हाड येथे मी स्वतः मोजलेले आणि विचारून ठेवलेले हे त्या वेळचे दर आहेत. गाडीच्या मॉडेलप्रमाणे आणि शहराप्रमाणे ते बदलतील. रेडिएटरचे झाकण २०० ते ५०० रुपये. थर्मोस्टॅट ६०० ते दीड हजार आणि मजुरी ५०० च्या आसपास. पंख्याची मोटर अडीच ते पाच हजार, पण रिले किंवा रेझिस्टर काही शेकड्यांत येतो. बाजारातला रेडिएटर साडेतीन ते सहा हजार, कंपनीचा त्याच्या दीड-दोन पट. वॉटर पंप दोन ते साडेचार हजार. हेड गॅस्केटचे काम फेसिंग (हेड सपाट करून घेणे), बोल्ट, ऑइल आणि मजुरी धरून १५,००० ते ३०,००० रुपये.

चुकीच्या निदानात माझे गेले ते असे : झाकण ३५०, तीन वेळा कूलंट मिळून २,४००, थर्मोस्टॅट काढण्याची मजुरी ५००, पंखा डायरेक्ट करण्याचे ७००, रेडिएटर मजुरीसह ६,७००; एकूण १०,६५० रुपये. खऱ्या दुरुस्तीला लागले ते असे : पंप २,९००, बेल्ट ८५०, मजुरी १,८००, कूलंट १,५००, थर्मोस्टॅट १,१००, पंख्याचे वायरिंग पूर्ववत करण्याचे १,४००, एकूण ९,५५० रुपये. बेल्ट खराब झालेला नव्हता, पण पंपासाठी तो उतरवावाच लागतो आणि दुसऱ्यांदा तीच मजुरी देण्यापेक्षा नवा बसवणे स्वस्त पडते. ज्यांच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर आहे, त्यांनी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलून घ्यावेत. बदललेला जुना पार्ट नेहमी मागून घ्यावा. माझ्या जुन्या पंपाची पुली हाताने धरून हलवली तेव्हा ती स्पष्ट डुगडुगत होती, आणि त्यानंतर मला कोणत्याही शंकेचे कारण उरले नाही.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावीच लागणार असेल आणि वाटेत काटा चढला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण वेगाने लावावा. हीटर कोअर हा छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा मिळताच थांबावे. बॉनेटमधून वाफ येत नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवणे चांगले. वाफ येत असेल तर लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नये, ॲल्युमिनियमचे हेड त्या धक्क्याने तडकू शकते. अर्धा-पाऊण तास थांबून, जाड फडके झाकणावर धरून, आधी फक्त अर्धा आटा फिरवून दाब जाऊ द्यावा.

पंप बदलून आता ११,००० किलोमीटर झाले आहेत. मार्करची रेघ जिथे ओढली होती, तिथेच पातळी आहे, आणि खंबाटकीत एसी चालू ठेवून स्कॅनरवर ९८ च्या वरचा आकडा मी पाहिलेला नाही. एक काम राहिले आहे. हीटर लावला की वारा कोमट येतो, कारण हीटर कोअरच्या नळ्यांत बसलेली हळद पाच वेळा धुऊनही निघालेली नाही. कोअर बदलायचा तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि त्याच्या नुसत्या मजुरीचे ८,००० रुपये सांगितले आहेत. दोन्ही बाजूंच्या होजमधून उलट दिशेने हलक्या दाबाचे पाणी सोडून एकदा प्रयत्न करू, असे मिस्त्री म्हणतात, आणि तो प्रयत्न पावसाळ्याआधी करायचा ठरला आहे, कारण पावसात काचेवरची वाफ घालवायला हीटर लागतोच.